पहिलं सिझर

तेलंगणात शंभर बाळंतपणांपैकी जवळपास एकसष्ट सिझेरियननं होतात, नागालँडमध्ये पाच. आकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतले, म्हणजे २०१९-२१चे. एकाच देशातल्या बायकांची शरीरं एवढी वेगळी असणं शक्य नाही. तेलंगणात गरज नसताना पोटं कापली जाताहेत आणि नागालँडमध्ये जिचं ऑपरेशन तासाभरात व्हायला हवं होतं तिच्यापर्यंत ते पोचत नाहीये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आपला राग बहुधा पहिल्या गोष्टीवर निघतो. दुसरी आपल्या शहरी घरांतून दिसत नाही.

देशाचा सरासरी आकडा त्या सर्वेक्षणात २१.५ टक्के आला. २००५-०६ मध्ये तो ८.५ होता आणि २०१५-१६ मध्ये १७.२. महाराष्ट्र २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात २०.१ वरून २५.४ वर गेला. गोव्यात तर शंभरातल्या जवळपास चाळीस बायकांचं सिझर होतं. आणि सरासरीच्या पोटात अजून एक दरी आहे. देशभरातल्या सरकारी दवाखान्यांत सिझेरियनचं प्रमाण १४.३ टक्के, तर खासगी दवाखान्यांत ४७.४. याचा हिशेब मांडून पाहिला तर असं दिसतं : शंभर बाळंतपणांतली साधारण बासष्ट सरकारी दवाखान्यांत होतात, सत्तावीस खासगीत आणि उरलेली मुख्यतः घरी. पण त्या शंभरात जी एकवीस-बावीस सिझेरियन होतात, त्यातली बारा-तेरा खासगी दवाखान्यांतली असतात. जिथे एक चतुर्थांशाहून थोडी जास्त बाळंतपणं, तिथे निम्म्याहून जास्त ऑपरेशनं. अवघड बाळंतिणी तर शेवटच्या क्षणी सरकारी मोठ्या इस्पितळांत पाठवल्या जातात, म्हणजे खरं तर उलटं चित्र दिसायला हवं होतं.

एवढं ऐकलं की कुणीही म्हणतं, सगळा पैशाचा खेळ. नॉर्मलपेक्षा सिझरचं बिल मोठं, मुक्काम जास्त दिवसांचा, औषधं जास्त. पैशाचा भाग आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण तेलंगणातलाच आणखी एक आकडा पाहा. तिथल्या सरकारी दवाखान्यांतही ४४.५ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली होती. सरकारी डॉक्टरला पगार ठरलेला. ऑपरेशन केलं काय आणि रात्रभर वाट पाहिली काय, महिनाअखेरचा पगार तेवढाच. तरीही हात सुरीकडेच जातो. म्हणून मला वाटतं, पैशावर बोट ठेवून आपण थांबलो तर या प्रश्नाचा मोठा तुकडा हातातून निसटतो.

मुळात हे ऑपरेशन होतं कसं ते नीट पाहायला हवं. त्याविषयी एकीकडे फार भीती आहे आणि दुसरीकडे 'काही नाही हो, अर्ध्या तासाचं काम' असली बेफिकिरी. भूलतज्ज्ञ बाईला कुशीवर वळवून किंवा बसवून पाठ वाकवायला सांगतात आणि कमरेपाशी दोन मणक्यांमधून बारीक सुई आत घालतात. थोड्याच वेळात पाय जड होतात, दुखणं थांबतं. पण ओढाताण आणि दाब जाणवत राहतो. याची आधी कल्पना दिलेली नसेल तर बाई घाबरते. ओटीपोटावर केसांच्या रेषेलगत आडवा छेद घेतात. कातडी, चरबी, स्नायूंवरचं पांढरं चिवट आवरण हे सगळं कापतात. स्नायू मात्र कापत नाहीत, मधोमध फाकवून बाजूला सारतात. मग पोटाच्या पोकळीचं पातळ आवरण. मूत्राशय हलकेच खाली सरकवतात. तेव्हा कुठे पिशवी समोर येते आणि तिच्या खालच्या, पातळ झालेल्या भागावर पुन्हा आडवा छेद. सर्जनचा हात आत बाळाच्या डोक्याखाली जातो, मदतनीस वरून पोट दाबतो आणि बाळ बाहेर येतं. इथवर पाच-दहा मिनिटं. उरलेला अर्धा-पाऊण तास वार काढण्यात, रक्तस्राव आवरण्यात आणि एकेक थर शिवण्यात जातो.

पिशवी शिवायची असते ही गोष्टसुद्धा वैद्यकात फार उशिरा रुजली. जर्मनीत लायपझिगच्या माक्स झेंगरनं १८८२ मध्ये गर्भाशय व्यवस्थित शिवण्याची पद्धत मांडली. त्याआधी बहुतेक वेळा ती जखम तशीच सोडून पोट बंद करत आणि बहुतेक बाया रक्तस्रावानं किंवा जंतुसंसर्गानं मरत. त्या काळी सिझेरियन म्हणजे आईची आशा सोडून मुलासाठी केलेली धडपड होती. आज भूल, रक्तपेढी आणि प्रतिजैविकं यांच्या आधारानं तेच ऑपरेशन जगातल्या सर्वांत सुरक्षित मोठ्या शस्त्रक्रियांपैकी एक झालंय.

आणि ते नसेल तर काय होतं, तेही डोळ्यांसमोर हवं. वार पिशवीच्या तोंडावरच बसली असेल तर कळा सुरू झाल्यावर आई रक्त जाऊन दगावू शकते. मूल आडवं असेल तर ते खालून येऊच शकत नाही. पाणी फुटल्याबरोबर नाळ बाळाच्या आधी खाली घसरली तर बाळाचा रक्तपुरवठा दबतो आणि हातात मिनिटं उरतात. बाळंतीण अडली आणि दोन-दोन दिवस तशीच राहिली तर बाळ जातं, पिशवी फाटू शकते. जी वाचते तिच्या मूत्राशयाला भोक पडून लघवी सतत गळत राहू शकते, नवरा टाकून देतो, गावकरी जवळ करत नाहीत. सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत बिहारमध्ये सरकारी दवाखान्यांतलं सिझेरियनचं प्रमाण चार टक्क्यांच्याही आत होतं आणि खासगीत चाळीसच्या घरात. चार टक्क्यांखालचा तो आकडा संयमाचा नव्हे. भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही, रात्री ऑपरेशन थिएटर बंद, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे गडचिरोली-नंदुरबारच्या दुर्गम पाड्यांवरून पावसाळ्यात नदी ओलांडून आणलेल्या बाईला सिझर 'जास्त होतात' हे सांगून काही उपयोग नाही.

मग योग्य आकडा कोणता? १९८५ मध्ये ब्राझीलमधल्या फोर्तालेझा शहरात जागतिक आरोग्य संघटनेनं बोलावलेल्या बैठकीत दहा ते पंधरा टक्क्यांची मर्यादा सुचवली गेली. तीस वर्षं हा आकडा जगभर फिरला. २०१५ मध्ये संघटनेनं नव्यानं अभ्यास पाहून सांगितलं की एखाद्या लोकसमूहात सिझेरियनचं प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत वाढत जातं तसे माता आणि नवजात बालकांचे मृत्यू घटतात. त्यापुढे प्रमाण वाढलं म्हणून मृत्यू आणखी घटताना दिसत नाहीत. त्याच वेळी हेही बजावलं की टक्केवारी गाठण्याच्या मागे लागू नका, जिला गरज आहे तिला ऑपरेशन मिळेल एवढं पाहा. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासानं ही रेषा एकोणीस टक्क्यांच्या आसपास आखली. माता-बालकांचे सर्वांत कमी मृत्यू ज्या देशांत होतात त्यातले नॉर्वे, स्वीडन, नेदरलँड्स सोळा ते वीस टक्क्यांच्या आसपास आहेत. ब्राझील, इजिप्त, तुर्कस्तान, सायप्रस, डोमिनिकन रिपब्लिक इथे निम्म्याहून जास्त बाळंतपणं ऑपरेशननं होतात. सहारा वाळवंटाखालच्या आफ्रिकेत मात्र पाच टक्के. जगाची सरासरी १९९० च्या सुमारास सात टक्के होती, आज एकवीस आहे आणि २०३० पर्यंत एकोणतीसवर जाईल असा संघटनेचा अंदाज आहे.

हे आकडे देशांसाठी आणि राज्यांसाठी. टेबलावर झोपलेल्या एका बाईला ते काही सांगत नाहीत. तिचा निर्णय कसा होतो ते पाहायचं तर तालुक्याच्या गावातल्या नर्सिंग होममध्ये जायला हवं.

आपल्याकडची खासगी बाळंतपणं मोठ्या संख्येनं अशाच दवाखान्यांत होतात. दहा-पंधरा खाटा, खाली दवाखाना आणि वर डॉक्टरांचं घर. बाळंतपण करणारे डॉक्टर एक किंवा नवरा-बायको दोघं. भूलतज्ज्ञ दवाखान्याचे नाहीत. ते गावातल्या पाच-सहा दवाखान्यांत फोन येईल तसे फिरतात. रक्त जिल्ह्याच्या ठिकाणाहून येतं. अशा ठिकाणी सकाळी एक पहिलटकरीण दाखल होते. पिशवीचं तोंड दोन बोटं उघडलंय, म्हणजे साधारण तीन सेंटीमीटर; पूर्ण उघडायला दहा लागतात. दुपारपर्यंत फारसा फरक नाही. बाहेर सासर-माहेरची आठ-दहा माणसं, त्यांची दर तासाला विचारणा. पोरगी कळांनी रडतेय, तिच्याजवळ सतत बसायला कुणी नाही. नर्स एकच आणि तिच्याकडे ओपीडीसुद्धा. संध्याकाळी सात वाजता डॉक्टर विचार करतात : भूलतज्ज्ञ आता गावात आहेत, नऊनंतर ते दुसऱ्या गावी जाणार. रात्री दोन वाजता बाळाचे ठोके उतरले तर मी एकटा काय करणार? आणि काही वाईट झालं तर बाहेरची हीच माणसं काचा फोडतील, ग्राहक मंचात खेचतील. तेवढ्यात नातेवाईकच म्हणतात, 'डॉक्टर, काय ते करा, पण दोघं सुखरूप पाहिजेत.' सिझर होतं. बाळ रडतं, पेढे वाटले जातात, डॉक्टरांना कुणी दोष देत नाही.

त्या संध्याकाळचा त्या डॉक्टरचा निर्णय, त्याच्या हाताशी जे आहे ते पाहता, वेडावाकडा नाही. वेडावाकडी आहे ती मांडणी, जिच्यात बारा-चौदा तास चालणाऱ्या नैसर्गिक क्रियेची राखण करायला एकच थकलेला माणूस ठेवलाय.

त्यात घड्याळाची चूक भर घालते. १९५५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये इमॅन्युएल फ्रीडमन यांनी पाचशे पहिलटकरणींच्या कळांचा आलेख मांडला. त्यावरून पुढे नियम बसला की चार सेंटीमीटरनंतर तासाला निदान एक सेंटीमीटर तरी तोंड उघडायला हवं. नाहीतर 'प्रगती नाही'. २०१० मध्ये अमेरिकेतल्याच बासष्ट हजारांहून अधिक बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की चारवरून पाचवर जायला एखाद्या बाईला सहा तासांहून जास्त आणि पाचवरून सहावर जायला तीन तासांहून जास्त लागू शकतात, आणि तरीही पुढे सारं सुरळीत पार पडतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये मार्गदर्शिका बदलली : जोराच्या कळांचा टप्पा पाच सेंटीमीटरपासून धरावा आणि तासाला एक सेंटीमीटर या एकाच निकषावर हस्तक्षेप करू नये. म्हणजे आई आणि बाळ दोघं ठणठणीत असताना केवळ 'उघडत नाही' म्हणून झालेली कित्येक ऑपरेशनं थोडं थांबलं असतं तर टळली असती.

ठोक्यांच्या मशीनचंही तसंच. पोटाला पट्टा बांधून कागदावर बाळाच्या ठोक्यांची रेघ सतत काढत राहणं सुरक्षित वाटतं. ज्यांना काही धोका नाही अशा बायकांत, ठरावीक वेळानं साध्या यंत्रानं ठोके ऐकण्याशी त्याची तुलना अनेक चाचण्यांत झाली. मशीन सतत लावल्यानं जन्मानंतर बाळाला झटके येण्याचं प्रमाण घटलं, हा खरा फायदा. पण बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, मेंदूच्या इजेनं येणारी सेरेब्रल पाल्सी कमी झाली नाही, सिझेरियन मात्र वाढली. ठरावीक वेळानं ऐकायला माणूस लागतो. मशीन लावून निघून जाता येतं, म्हणून मशीन लागतं.

घराघरांत सांगितली जाणारी कारणंही तपासून घ्यावीत अशी आहेत. 'गळ्याला नाळ गुंडाळली होती' हे त्यातलं सर्वांत लोकप्रिय. चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्याभोवती नाळ असते आणि त्यातली बहुतेक खालून सुखरूप जन्मतात. डोकं बाहेर आलं की नाळ बोटानं सोडवून घेतात. ठोके बिघडत असतील तर गोष्ट वेगळी. पायाळू मूल दिवस भरल्यावर शंभरात तीन-चार असतं. २००० साली आलेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानंतर जगभर पायाळू म्हणजे सिझर असंच ठरून गेलं आणि ती बाळंतपणं खालून करण्याचं कसब नव्या डॉक्टरांच्या हातातून गेलं. पण छत्तीस-सदतिसाव्या आठवड्यात पोटावरून हातानं बाळ फिरवता येतं, ते साधारण निम्म्या वेळा जमतं, हे किती घरांना सांगितलं जातं? मुहूर्त पाहून केलेली सिझेरियन तेलंगणात खूप होतात, आपल्याकडेही होतात. जन्मनक्षत्र साधण्यासाठी एकोणचाळीस आठवड्यांआधी बाळ काढलं तर त्याला श्वासाचा त्रास होऊन काचेच्या पेटीत ठेवावं लागण्याचा धोका वाढतो. हे सांगूनही आग्रह धरणाऱ्या आजी-आजोबांना डॉक्टरांनी ठाम नकार द्यायला हवा.

या सगळ्यात कळीचं असतं ते पहिलं सिझर. ते झालं की पुढचं बाळंतपण आपोआप 'मागचं सिझर आहे' या खात्यात जातं. अमेरिकेतल्या एडविन क्रॅगिन यांनी १९१६ मध्ये एकदा सिझर म्हणजे नेहमीच सिझर असं सूत्र मांडलं. त्या काळी पिशवीवर उभा छेद घेत, तो पुढच्या कळांत फाटण्याची भीती मोठी होती. आता छेद खालच्या भागात आडवा असतो. असा एकच जुना टाका असलेल्या आणि बाकी सारं ठीक असलेल्या बायकांनी कळांची वाट पाहिली तर चारातल्या जवळपास तिघींचं बाळंतपण खालून होतं. टाका उसवण्याची शक्यता दोनशेत एकीच्या आसपास. पण ती एक जेव्हा येते तेव्हा ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त त्याच क्षणी हजर हवं. तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये तेच नाही. म्हणून तिथे दुसरं सिझर जवळजवळ ठरलेलं असतं, आणि तिथल्या परिस्थितीत डॉक्टरांचं ते म्हणणं चुकीचं म्हणता येत नाही.

दर सिझरगणिक पुढच्या खेपेचा धोका चढत जातो. जुन्या टाक्यावर वार बसली तर ती पिशवीच्या मांसात मुळं रोवू शकते आणि मग प्रसूतीनंतर सुटत नाही. वार पिशवीच्या तोंडावर असेल तर पहिल्या सिझरच्या वेळी ती अशी रुतलेली असण्याची शक्यता तीन टक्के, दुसऱ्या सिझरच्या वेळी अकरा, तिसऱ्याच्या वेळी चाळीस, असं अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. त्या ऑपरेशनमध्ये बाटल्यांमागून बाटल्या रक्त लागतं आणि अनेकदा पिशवीच काढावी लागते. मुलगा व्हावा म्हणून तिसऱ्या-चौथ्या खेपेला ढकलल्या जाणाऱ्या बाईच्या बाबतीत हा हिशेब तिच्या जिवाचा असतो, आणि तिच्या पहिल्या बाळंतपणाच्या संध्याकाळी तो कुणीच मांडलेला नसतो.

म्हणून दवाखान्याची एकूण टक्केवारी विचारण्यापेक्षा कुणाची सिझर झाली हे विचारणं महत्त्वाचं. डब्लिनच्या मायकेल रॉबसन यांनी २००१ मध्ये त्यासाठी साधी युक्ती काढली. प्रत्येक बाळंतिणीला पाच-सहा गोष्टींवरून दहापैकी एका गटात टाकायचं : पहिलं बाळंतपण की नंतरचं, मागचं सिझर आहे का, बाळ एक की जुळं, डोकं खाली की पायाळू की आडवं, दिवस भरलेत का, कळा आपोआप आल्या की आणल्या. दाखल करणारी नर्स रजिस्टरमध्ये हे दोन मिनिटांत लिहू शकते. पहिला गट असा : पहिलटकरीण, एकच बाळ, डोकं खाली, सदतीस आठवडे पूर्ण, कळा आपोआप सुरू झालेल्या. या गटातल्या बायका निरोगी, त्यांची सिझर थोडीच व्हायला हवीत. पाचवा गट मागचं सिझर असलेल्यांचा; बहुतेक इस्पितळांत एकूण सिझेरियनमधला सर्वांत मोठा वाटा याच गटाचा निघतो आणि तो पहिलटकरणींच्या सिझरमधूनच भरत गेलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ पासून हीच पद्धत सगळीकडे वापरायला सांगितली आहे.

पहिल्या गटातली ऑपरेशनं कमी करण्याचा एक उपाय सिद्ध आहे आणि त्याला यंत्र लागत नाही. कळांच्या वेळी बाईजवळ सतत एक माणूस असणं, तिचा हात धरणं, पाठ चोळणं, तिला उठवून फिरवणं, पाणी देणं. असा आधार मिळालेल्या बायकांत सिझेरियनचं प्रमाण कमी होतं आणि कळांचा वेळही थोडा घटतो, हे पंधरा हजारांहून अधिक बायकांवरच्या चाचण्या एकत्र पाहिल्यावर दिसलंय. आई, बहीण, जाऊ, नवरा, कुणीही चालेल. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत सोबतिणीला प्रसूतिगृहात राहू द्यायची परवानगीही दिली. तरी किती ठिकाणी आईला दाराबाहेर बसवून ठेवतात!

दुसरा उपाय प्रशिक्षित प्रसाविकेचा. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं नर्सना अठरा महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण देऊन साध्या बाळंतपणांची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवण्याचं धोरण आणलं. तेलंगणानं त्याच्या वर्षभर आधीच, हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलच्या मदतीनं हे काम सुरू केलं होतं. आपल्याकडे गावोगावची दाई दवाखान्यातली बाळंतपणं वाढली तशी मागे पडली. मृत्यू घटले, ते फार बरं झालं. २०१८-२०च्या नोंदींनुसार महाराष्ट्रात एक लाख जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात ९७. पण दाईकडे जो वेळ होता, बाईपाशी रात्रभर बसून राहण्याचा, त्याची जागा दवाखान्यात कुणीच घेतली नाही. तालुक्याच्या दवाखान्यात अशा दोन प्रसाविका पाळीनं असल्या तर संध्याकाळी सातचा तो निर्णय बऱ्याचदा सकाळपर्यंत थांबू शकतो.

२०१७ मध्ये मुंबईतल्या एका महिलेनं ऑनलाइन अर्ज करून मागणी केली होती की प्रत्येक इस्पितळानं आपली सिझेरियनची टक्केवारी जाहीर करावी. तेव्हाच्या महिला आणि बालविकास मंत्री मनेका गांधी यांनी ती उचलून धरली आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेतल्या इस्पितळांना तसे फलक लावायला सांगण्यात आलं. पाऊल चांगलं होतं, फक्त आकडा अपुरा होता. अवघड केसेस घेणाऱ्या मोठ्या इस्पितळाची एकूण टक्केवारी जास्तच दिसणार आणि अवघड बाई पुढे पाठवून देणाऱ्या छोट्या दवाखान्याची कमी. फलकावर पहिल्या गटाचा आकडा हवा : गेल्या वर्षी इथे आपोआप कळा सुरू झालेल्या किती निरोगी पहिलटकरणी आल्या, आणि त्यातल्या किती जणींचं सिझर झालं. त्याखाली आणखी दोन ओळी पुरतील, रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतात आणि कळांच्या खोलीत आईला सोबत येता येतं का. सातव्या महिन्यात नाव घालायला गेलेल्या कुठल्याही घराला या तीन गोष्टी विचारता येतात, फलक असो वा नसो.